कर्नल ऊप्स झाल्यावर सर्व्हर चालू ठेवायचा की पाडायचा?

भुंगा

नमस्कार मंडळी. लिनक्स कर्नलच्या जीवघेण्या चुकांबद्दल नेमका प्रश्न आहे. उबुंटू २२.०४, कर्नल ५.१५, व्हर्च्युअल नाही तर प्रत्यक्ष यंत्र, रॅम ६४ जीबी. नेटवर्क कार्डाचा ड्राइव्हर बाहेरून आणून बांधलेला. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) हे आलंय (इथे देवनागरीत उतरवलंय, आज्ञाही तशाच लिहितो, टाइप करताना अर्थातच रोमन):

बग: कर्नल नल पॉइंटर डीरेफरन्स, ॲड्रेस: ००००००००००००००१८
#पीएफ: सुपरवायझर रीड ॲक्सेस इन कर्नल मोड
#पीएफ: एरर_कोड(०एक्स००००) - नॉट-प्रेझेंट पेज
ऊप्स: ०००० [#१] एसएमपी
सीपीयू: ३ पीआयडी: २१४७ कॉम: केवर्कर/३:१ टेंटेड: जी डब्ल्यू ओई
आरआयपी: ००१०:स्टॅट्स_वर्क+०एक्स४सी/०एक्स१२०

यंत्र पडलेलं नाही. पिंग जातो, वेबसाइट उघडते. पण 'आयपी लिंक' मारलं की कर्सर तिथेच अडकतो, कंट्रोल-सीलाही दाद देत नाही. ऊप्स होऊनही कर्नल जिवंत असेल तर रात्रीपर्यंत असंच चालू द्यावं की लगेच रीबूट? आणि पुढच्या वेळी कर्नलने स्वतःहूनच पॅनिक करावं (म्हणजे सगळं थांबवून यंत्र पाडावं) अशी सेटिंग ठेवणं शहाणपणाचं आहे का?

कोरडंप

लगेच रीबूट. 'जिवंत आहे' हा भास आहे.

ऊप्स म्हणजे कर्नल मोडमध्ये न सावरता येणारी चूक झाली, पण ती एका प्रोसेसच्या नावावर टाकून तेवढीच मारता आली. तुमच्याकडे तो केवर्कर (कर्नलची पार्श्वभूमीतली कामं करणारी प्रोसेस) मेला. मरताना त्याच्या हातात जी कुलपं होती ती तशीच बंद राहिली. नेटवर्क ड्राइव्हरची आकडेवारी गोळा करणारं काम पुष्कळदा आरटीएनएल लॉक (नेटवर्क सेटिंगचं कर्नलमधलं सामायिक कुलूप) घेऊन चालतं, आणि 'आयपी लिंक'लाही तोच लॉक लागतो. म्हणून ती आज्ञा डी अवस्थेत (न मोडता येणाऱ्या झोपेत) पडून आहे. डी अवस्थेतल्या प्रोसेसला किल -९ सुद्धा लागू पडत नाही. १२० सेकंदांनी डीमेसेजमध्ये 'ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंद्स' दिसेल, तिथल्या कॉल ट्रेसमध्ये आरटीएनएल_लॉक हे नाव आहे का बघा. असेल तर खात्रीच.

आता हळूहळू काय होतं ते सांगतो. नवा कंटेनर उठवायचा, इंटरफेस खालीवर करायचा, डीएचसीपीची मुदत वाढवायची, जे जे आरटीएनएल मागेल ते ते रांगेत जाऊन झोपेल. वेबसाइट चालू राहील, कारण आधीच उभ्या असलेल्या सॉकेटवरून पाकिटं ये-जा करायला तो लॉक लागत नाही. नेहमीचा शटडाउनही अडकण्याची शक्यता दाट, कारण इंटरफेस बंद करायला पुन्हा तोच लॉक. त्यामुळे आधी 'सिंक', मग /प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर मध्ये एस, यू, बी अशी अक्षरं एकेक करून लिहा: डिस्कवर उतरव, फक्त-वाचन कर, रीबूट कर.

पेंग्विनराव

कर्नलला कळतंय की प्रोसेस मेली, मग तिची कुलपं तोच का सोडत नाही? यूजर मोडमध्ये फाइल डिस्क्रिप्टर वगैरे सगळं साफ करतोच की.

कोरडंप

कुलूप कशासाठी घेतलं होतं? आतली यादी किंवा मोजणी बदलताना कोणी मध्ये येऊ नये म्हणून. प्रोसेस त्या बदलाच्या अधेमधे मेली. पुढचा पॉइंटर लावला, मागचा लावायचा राहिला. अशा वेळी कुलूप उघडून दिलं तर पुढचा येणारा तुटलेली यादी खरी मानून चालेल आणि कचरा डिस्कवर लिहील. बंद कुलपाने माणसं खोळंबतात, उघड्या कुलपाने डेटा जातो. कर्नलने पहिलं निवडलंय.

स्पिनलॉक धरून मेली तर चित्र वेगळं. तिथे झोपायची सोय नाही, दुसरे सीपीयू गोल गोल फिरत बसतात आणि साधारण वीस सेकंदांनी 'सॉफ्ट लॉकअप - सीपीयू#२ स्टक फॉर २२एस' असं ओरडणं सुरू होतं. लोक मग लॉकअपची कारणं शोधत बसतात. खरं कारण अर्धा मिनिट आधीच्या ऊप्समध्ये असतं.

शून्यपत्ता

लॉग नीट वाचूया, त्यात बरंच आहे.

ॲड्रेस १८ हेक्स, म्हणजे दशमानात २४. पत्ता शून्य नाही, शून्याजवळ आहे. याचा अर्थ कोणीतरी स्ट्रक्टचा पॉइंटर नल असताना त्यातला २४व्या बाइटवरचा सदस्य वाचायला गेलं. ड्राइव्हरच्या .केओ फाइलमध्ये डीबग माहिती असेल तर 'पाहोल -सी' पुढे स्ट्रक्टचं नाव देऊन २४ ऑफसेटला कोण बसलंय ते दिसतं. एरर कोड शून्य: बिट ० नाही म्हणजे पान हजर नव्हतं, बिट १ नाही म्हणजे वाचत होतं (लिहीत नव्हतं), बिट २ नाही म्हणजे कर्नल मोड. ०००२ असता तर लिहिताना मेला असं वाचायचं.

स्टॅट्स_वर्क+०एक्स४सी/०एक्स१२० म्हणजे त्या फंक्शनच्या सुरुवातीपासून ४सी बाइटवर, फंक्शन एकूण १२० लांब, दोन्ही हेक्स. कर्नलच्या सोर्समधलं स्क्रिप्ट्स/एफॲडर२लाइन याला .केओ आणि हा तुकडा जसाच्या तसा दिला की सोर्सची ओळ मिळते. नुसत्या कच्च्या पत्त्यामागे लागू नका, केएएसएलआरमुळे (कर्नल दर वेळी वेगळ्या पत्त्यावर ठेवणारी सोय) तो प्रत्येक बूटला वेगळा असतो. पूर्ण ट्रेस एका फटक्यात उलगडायचा तर डीकोड_स्टॅकट्रेस.एसएच.

कॉल ट्रेसमध्ये ज्या ओळीआधी प्रश्नचिन्ह असतं ती भरवशाची नाही. स्टॅकवर तसा पत्ता पडलेला सापडला, एवढंच. बहुतेकदा जुन्या कॉलचा गाळ. त्या ओळी सोडून वाचा.

आणि टेंटेडमधला (कर्नलला लागलेल्या 'डागां'च्या खुणांमधला) डब्ल्यू! ओ म्हणजे कर्नलबाहेरचा मॉड्यूल, ई म्हणजे सही नसलेला, हे ठीक. पण डब्ल्यू म्हणजे या ऊप्सच्या आधी कधीतरी वॉर्निंग येऊन गेलीये. ती आधी काढा. [#१] आहे ते बरंय. [#३] असतं तर हा ऊप्स वाचण्यात अर्थ नव्हता, पहिला शोधायला लागला असता.

भुंगा

डब्ल्यूकडे लक्षच गेलं नव्हतं. जर्नलकंट्रोल -के मध्ये सापडली: रीफकाउंट_टी: अंडरफ्लो, यूज-आफ्टर-फ्री.

शून्यपत्ता

मग नल पॉइंटर हे लक्षण, रोग नव्हे. ड्राइव्हर एखादी वस्तू मोजणीपेक्षा एकदा जास्त सोडतोय. स्लॅब डीबग (कर्नलच्या मेमरी-वाटपाची तपासणी) चालू करून पुन्हा चालवा: बूट पॅरामीटरमध्ये स्लब_डीबग=एफझेडपी. मग सोडलेल्या मेमरीत ६बी हा बाइट भरला जातो आणि पुढच्या ऊप्समध्ये रजिस्टरांत ६बी६बी६बी६बी दिसलं की सोडलेल्या वस्तूला हात लावला हे शाबीत. तसंच डेड००००००००००१०० किंवा शेवटी १२२ दिसलं तर यादीतून काढून टाकलेल्या नोडवर पुन्हा चालतोय. हे आकडे कर्नलने मुद्दाम पेरलेले असतात, योगायोग नाही.

स्लब डीबगने वेग चांगलाच पडतो, तेव्हा चाचणीच्या यंत्रावरच.

रात्रपाळी

मूळ प्रश्नाकडे. सर्व्हरवर पॅनिक_ऑन_ऊप्स=१ ठेवाच. अर्धमेलं यंत्र सगळ्यात वाईट: देखरेखीचा पिंग हिरवा, लोड बॅलन्सर खुशाल गिऱ्हाइकं पाठवतोय आणि आत निम्म्या गोष्टी अडकलेल्या. पूर्ण मेलं तर दुसरं यंत्र जागा घेतं. रेड हॅटच्या सर्व्हर वितरणात हे मुळातच १ असतं, उबुंटूत ०.

सोबत कर्नल.पॅनिक=१० हवंच. मूळ कर्नलमध्ये हा आकडा ० असतो, म्हणजे पॅनिक झालं की संदेश छापून कायमचा थांब. कोणीतरी बटण दाबेपर्यंत यंत्र तसंच उभं. धन आकडा म्हणजे तितके सेकंद थांबून रीबूट, ऋण म्हणजे तत्काळ.

/ईटीसी/सिसकंट्रोल.डी मध्ये फाइल टाकली तरी ती बूट बरंच पुढे गेल्यावर लागू होते हे विसरू नका. बूटच्या सुरुवातीलाच पॅनिक झालं तर ती सेटिंग अजून आलेलीच नसते. त्यासाठी ग्रबच्या (बूटलोडरच्या) कर्नल ओळीत पॅनिक=१० वेगळं द्यायचं.

बिनतारी

+१. दूरच्या यंत्रावर नवा कर्नल टाकताना याचाच एक उपयोग: ग्रबमध्ये ग्रब_डीफॉल्ट=सेव्ह्ड, कर्नल ओळीत पॅनिक=१०, आणि नव्या कर्नलसाठी 'ग्रब-रीबूट'ने एकदाच बूट करायला सांगायचं. नवा पडला तर दहा सेकंदांत रीबूट होऊन जुना आपोआप येतो. चालला तर मग कायमचा डीफॉल्ट करायचा. डेटा सेंटरला फोन करायची पाळी येत नाही.

ओवी_आणि_ओएस

एक बाळबोध शंका. ऊप्स कधी नुसता ऊप्स राहतो आणि कधी थेट पॅनिक होतो?

कोरडंप

शंका बाळबोध नाही. मारायला कोणी सापडतं का, यावर ते ठरतं. चूक प्रोसेसच्या संदर्भात झाली तर ती प्रोसेस मारली. इंटरप्टमध्ये झाली तर त्या क्षणी सीपीयूवर असलेली प्रोसेस बिचारी निरपराध, तिला मारून उपयोग नाही, म्हणून 'फेटल एक्सेप्शन इन इंटरप्ट' म्हणत पॅनिक. सीपीयूची आयडल प्रोसेस मारता येत नाही, पॅनिक. पीआयडी १ म्हणजे इनिट गेली तर यूजर जगाचा बापच गेला, 'अटेम्प्टेड टू किल इनिट', पॅनिक.

या शेवटच्या संदेशापुढचा एक्झिटकोड लोक वाचतच नाहीत. शेवटचे दोन हेक्स अंक सिग्नल, त्याआधीचे दोन एक्झिट मूल्य. ००००००००बी असेल तर सिग्नल ११, सेगफॉल्ट. ००००७एफ०० असेल तर मूल्य १२७, बहुतेक इनिटला लागणारी लायब्ररीच सापडली नाही (अर्धवट झालेलं ग्लिबसी अपग्रेड!). ०००००१०० म्हणजे १, इनिट स्वतःच रडून बाहेर पडली. यातलं काहीही कर्नलचा दोष नाही, जरी पडद्यावर 'कर्नल पॅनिक' लिहिलेलं असलं.

पेंग्विनराव

त्याच माळेतला दुसरा: 'व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)'. अपग्रेडनंतर येणारं हे पॅनिक घरगुती यंत्रांवर बहुधा सगळ्यात जास्त दिसतं. (०,०) म्हणजे डिस्कच दिसली नाही: इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला रॅममध्ये भरली जाणारी छोटी फाइलसिस्टिम) तयार झाली नाही किंवा तिच्यात डिस्कचा ड्राइव्हर नाही. /बूट भरलेलं असतं आणि फाइल अर्धी लिहिली जाते, हे नेहमीचं. (८,१) असा खरा आकडा आला तर डिस्क सापडली, फाइलसिस्टिम ओळखता आली नाही. उपाय: ग्रबमधून जुना कर्नल उचला, डीएफने /बूट तपासा, जुने कर्नल काढा, मग उबुंटूत 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के' आणि आवृत्ती, फेडोरात 'ड्रॅकट -एफ --केव्हर' आणि आवृत्ती.

रात्रपाळी

पॅनिक करायचं ठरवलंत तर केडंप लावलंच पाहिजे, नाहीतर नुसतं पाडून काय मिळवलं? पुरावा रॅमबरोबर जातो.

तत्त्व सोपं: बूटच्या वेळीच थोडी रॅम बाजूला काढायची (क्रॅशकर्नल=५१२एम), तिच्यात दुसरा छोटा कर्नल भरून ठेवायचा. पॅनिक झालं की बायोसकडे न जाता थेट त्यात उडी. तो उठतो, जुन्या कर्नलची सगळी रॅम त्याला /प्रॉक/व्हीएमकोर म्हणून दिसते, ती फाइलमध्ये उतरवतो आणि रीबूट करतो. राखीव जागा वेगळी असण्याचं कारण फक्त सोय नव्हे: पडलेल्या कर्नलची उपकरणं अजून डीएमएने (सीपीयूशिवाय थेट रॅममध्ये) जुन्या पत्त्यांवर लिहीत असू शकतात. राखीव भाग त्यांना कधी दिलेलाच नसतो, म्हणून तो शाबूत राहतो.

उबुंटूत 'लिनक्स-क्रॅशडंप' पॅकेज टाका, रीबूट करा. आकडा बदलायचा तर /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब.डी मधली केडंप-टूल्सची फाइल, मग अपडेट-ग्रब. /सिस/कर्नल/केएक्सेक_क्रॅश_लोडेड मध्ये १ आला पाहिजे. आणि गंमत म्हणजे हे पॅकेज पॅनिक_ऑन_ऊप्स=१ स्वतःच लावतं, /ईटीसी/डीफॉल्ट/केडंप-टूल्स मध्ये केडंप_सिसकंट्रोल नावाची ओळ बघा.

मग खरी चाचणी: सिंक करून, सी हे अक्षर /प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर मध्ये. यंत्र खरोखर पडतं, तेव्हा गिऱ्हाइकं काढून घेतल्यावरच. रीबूटनंतर /व्हार/क्रॅश मध्ये तारखेच्या नावाची डिरेक्टरी नसेल तर केडंप चालत नाही असंच समजा, सर्व्हिस 'ॲक्टिव्ह' दाखवत असली तरी.

बिनतारी

न चालण्याची कारणं, जशी आठवतात तशी. राखीव रॅम कमी: छोटा कर्नल स्वतःच ओओएम होतो (त्याची मेमरी संपते), सीरियल कन्सोलवरच कळतं. त्याच्या इनिटरॅमएफएसमध्ये रेड कार्डाचा ड्राइव्हर नाही. सिक्युअर बूट चालू आणि सही नसलेला कर्नल भरायचा प्रयत्न. डिस्कवर जागा नाही. आणि एक हलकट प्रकार: हार्डवेअर वॉचडॉग. जुना कर्नल त्याला थोपटत होता, तो मेला, डंप निम्मा लिहून होतो आणि वॉचडॉग यंत्र रीसेट करतो. मोठी रॅम असेल तर हमखास. वॉचडॉगची मुदत वाढवा, नाहीतर त्याचा ड्राइव्हर छोट्या कर्नलमध्येही घाला.

आकार कमी ठेवायला मेकडंपफाइल -डी ३१. हा ३१ म्हणजे १, २, ४, ८, १६ ची बेरीज: शून्य पानं, कॅशची दोन प्रकारची पानं, यूजर प्रोसेसची पानं, मोकळी पानं, सगळी वगळ. बहुतेक वेळा कर्नलची स्वतःची मेमरी तेवढी लागते. तरीही ही फाइल कोणाला पाठवताना दहादा विचार करा, कर्नलच्या मेमरीत डिस्कच्या चाव्या आणि नेटवर्कचे बफर असतात.

शून्यपत्ता

आणि फाइल उघडायला 'क्रॅश' हे साधन, सोबत त्याच बिल्डचा डीबग माहितीसह व्हीएमलिनक्स (न दाबलेली कर्नल फाइल). 'त्याच आवृत्तीचा' पुरत नाही, तोच बिल्ड लागतो. आत गेल्यावर आधी 'लॉग', मग 'बीटी -ए' (सगळ्या सीपीयूंवर तेव्हा काय चाललं होतं), अडकलेल्यांसाठी 'फोरइच यूएन बीटी'. पण व्हीएमकोरला हात घालण्याआधी शेजारची डीमेसेजची छोटी फाइल वाचा. कित्येकदा तिथेच उत्तर असतं.

ओवी_आणि_ओएस

लॅपटॉपवर एवढं सगळं कोण करणार? तिथे तर स्क्रीन नुसती गोठते आणि कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकतो.

कोरडंप

दिवा लुकलुकतोय म्हणजे पॅनिकच, साधी हँग नव्हे. ही खूण मुद्दाम ठेवलेली आहे. ग्राफिक्स चालू असताना मजकूर पडद्यावर आणणारं कोणी नव्हतं, म्हणून गोठलेलं चित्र. कर्नल ६.१० पासून (जुलै २०२४) डीआरएम पॅनिक आलंय, पॅनिक झालं की पडद्यावर संदेश येतो. ६.१२ मध्ये क्यूआर कोडही, फोनने टिपला की लॉग वाचता येतो. वितरणाने ते पर्याय चालू ठेवलेले हवेत आणि ग्राफिक्स ड्राइव्हरची साथ हवी.

नसेल तर पीस्टोअर. युईएफआयच्या स्मृतीत लॉगचं शेपूट लिहिलं जातं, पुढच्या बूटला सिस्टमडी ते उचलून /व्हार/लिब/सिस्टमडी/पीस्टोअर मध्ये ठेवतो. घरात दुसरा संगणक असेल तर नेटकन्सोल: यूडीपीवर ओळी पाठवतो, समोर पोर्ट ६६६६ वर 'एनसी -यू -एल' ऐकत बसवायचा. वायफायवर सहसा चालत नाही, तार लावा.

पेंग्विनराव

अवांतर: पॅनिकमधलं 'नॉट सिंकिंग' हे काय प्रकरण आहे, वर्षानुवर्षं वाचतोय.

कोरडंप

'डिस्कवर राहिलेलं उतरवत नाही' एवढंच. अगदी सुरुवातीच्या लिनक्समध्ये पॅनिक झाल्यावर कर्नल सिंक करायचा प्रयत्न करायचा, फक्त स्वॅपर टास्कमध्ये (आयडल प्रोसेसमध्ये) असेल तरच 'नॉट सिंकिंग' छापायचा. पुढे शहाणपण आलं: ज्याच्या स्मृतीवर भरवसा उरला नाही त्याने डिस्कला हात लावू नये. आता तो कधीच सिंक करत नाही, शब्द राहिले.

रात्रपाळी

अवांतरात भर. विंडोजमध्ये 'ऊप्स' नावाची मधली पायरी जवळपास नाहीच. कर्नल मोडमध्ये न सावरलेला पेज फॉल्ट म्हणजे निळा पडदा. १९ जुलै २०२४ ला जगभर सुमारे ८५ लाख यंत्रं पडली ती याच वाटेने: क्राउडस्ट्राइकच्या ड्राइव्हरला २१ मूल्यांची अपेक्षा, हातात २०, एकविसावं वाचायला हद्दीबाहेर गेला. तो ड्राइव्हर बूटच्या सुरुवातीलाच चढत असल्याने रीबूट करूनही पुन्हा तेच. मी वर पॅनिक=१० सुचवलं, त्यालाही हीच मर्यादा: चूक बूटच्या वाटेवरच असेल तर नुसता रीबूटचा रहाटगाडगा. बिनतारींची ग्रब-रीबूटची युक्ती म्हणून मोलाची.

भुंगा

खूप आभार. वाचनखूण साठवली. मग हे ठेवतोय: पॅनिक_ऑन_ऊप्स=१, पॅनिक=१० दोन्हीकडे, क्रॅशकर्नल=५१२एम, शिवाय सॉफ्टलॉकअप_पॅनिक=१, हंग_टास्क_पॅनिक=१ आणि पॅनिक_ऑन_वॉर्न=१. होऊन जाऊ दे.

शून्यपत्ता

शेवटचे तीन थांबवा.

पॅनिक_ऑन_वॉर्न चाचणीच्या यंत्रांसाठी. वॉर्न_ऑन म्हणजे 'हे व्हायला नको होतं, पण मी सावरलंय'. त्यावर यंत्र पाडलंत तर एखाद्या निरुपद्रवी वॉर्निंगने भर दुपारी सर्व्हर जाईल. उलट मॉड्यूल लिहिणाऱ्यांनी बग_ऑन टाळून 'इफ (वॉर्न_ऑन_वन्स(!पी)) रिटर्न -ईइन्व्हॅल' असं लिहायचं, हे कर्नलच्या कोडिंग स्टाइलमध्येच सांगितलंय. ऊप्स चालू ठेवणाऱ्यांसाठीही मर्यादा आहे: ६.२ पासून ऊप्स_लिमिट, मूळ आकडा १००००. प्रत्येक ऊप्समागे एखादी मोजणी गळते आणि मुद्दाम हजारो ऊप्स घडवून ती उलटवता येते, म्हणून.

हंग_टास्क_पॅनिक: एनएफएस माउंट (नेटवर्कवरून जोडलेली फाइलसिस्टिम) असेल आणि पलीकडचा सर्व्हर दोन मिनिटं गेला, तर तुमचं धडधाकट यंत्र आत्महत्या करेल. मुदत १२० ची ६०० करा किंवा नकोच.

बिनतारी

सॉफ्टलॉकअप_पॅनिक प्रत्यक्ष यंत्रावर चालेल. हीच फाइल उचलून व्हर्च्युअल यंत्रांवर टाकू नका. खालच्या यजमानाने सीपीयू वीस-पंचवीस सेकंद दिला नाही, लाइव्ह मायग्रेशन (चालू यंत्र दुसऱ्या यजमानावर हलवणं) झालं, की पाहुणा कर्नल त्याला लॉकअप समजतो. आणि केडंपची चाचणी सेटिंग बदलल्यावर पुन्हा करा. ड्राइव्हर बदललात तर त्यानंतरही, कारण छोट्या कर्नलची इनिटरॅमएफएस तेव्हाच जुनी झालेली असते.